थकलेला हप्ता आणि दोन आठवड्यांची मुदत

जर्मनीत नव्याने बस्तान बसवणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचं उदाहरण धरू. घर मांडायला आणि जुनी मोटार घ्यायला त्यांनी बँकेकडून १५,००० युरो कर्ज काढलं. मुदत पाच वर्षांची, हप्ता महिन्याला २९० युरो. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं आणि मग नोकरी गेली. पहिला हप्ता थकला तेव्हा बँकेचं साधं स्मरणपत्र आलं. दुसरा थकला, पुन्हा तसंच एक पत्र. तिसरा थकल्यावर मात्र पत्राचा सूर पालटला: थकलेले ८७० युरो दोन आठवड्यांत भरा, नाही तर उरलेलं सगळं कर्ज एकरकमी मागू. उरलेलं कर्ज म्हणजे सुमारे साडेनऊ हजार युरो.

ज्याला ८७० युरो जमत नाहीत तो साडेनऊ हजार कुठून आणणार? हे बँकेलाही कळतं. मग असं पत्र ती का पाठवते? आणि दोन हप्ते थकेपर्यंत शांत बसलेली बँक नेमकी तिसऱ्याला का जागी झाली?

क्रेडिटरेफॉर्म ही संस्था दरवर्षी जर्मनीतल्या कर्जबाजारीपणाचा आढावा घेते. २०२४ च्या आढाव्यानुसार सुमारे ५५ लाख प्रौढ माणसं, म्हणजे शंभरातली आठ, कर्जाच्या अशा ओझ्याखाली होती की त्यांचं उत्पन्न देण्यांना पुरत नव्हतं. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही त्यामागची नेहमीची कारणं. यातली बरीच माणसं आलेली पत्रं न उघडताच ठेवून देतात. लाज वाटते आणि कचेरीची जर्मन भाषा वाचायचा धीर होत नाही. खरं नुकसान तिथे सुरू होतं. थकलेल्या हप्त्यावर जर्मन कायदा पायरी-पायरीने पावलं उचलतो, आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर कर्जदाराला बोलायला वेळ देतो. हा वेळ बहुतेकदा दोन आठवड्यांचा असतो.

तिसऱ्या हप्त्याचं गणित

जर्मनीचा नागरी कायदा, म्हणजे बीजीबी, १ जानेवारी १९०० पासून लागू आहे. ग्राहकाने घेतलेलं हप्त्यांचं कर्ज बँकेला कधी मोडता येईल, हे त्याचं कलम ४९८ सांगतं. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. लागोपाठ किमान दोन हप्ते पूर्ण किंवा अंशतः थकलेले हवेत. थकलेली रक्कम मूळ कर्जाच्या ठरावीक हिश्शाइतकी हवी: मुदत तीन वर्षांपर्यंत असेल तर १० टक्के, त्याहून जास्त असेल तर ५ टक्के. आणि बँकेने दोन आठवड्यांची मुदत देऊन, ती पाळली नाही तर सगळं कर्ज मागू, असं स्पष्ट कळवलेलं हवं.

आपल्या कुटुंबाच्या कर्जाची मुदत पाच वर्षांची, म्हणून १५,००० चे ५ टक्के, म्हणजे ७५० युरो ही रेघ. दोन हप्त्यांचे ५८० होतात, रेघेच्या खाली. तिसऱ्या हप्त्याने आकडा ८७० वर गेला आणि बँकेला दार उघडलं. घरासाठी, घर किंवा जमीन तारण ठेवून घेतलेल्या कर्जाला रेघ वेगळी आहे, अडीच टक्क्यांची.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि ते फार थोड्या कर्जदारांना ठाऊक असतं. मुदत देताना तरी बँकेने कर्जदाराला समेटाच्या बोलणीसाठी बोलवावं, असं कायदा सांगतो. म्हणजे ते घाबरवणारं पत्र बोलणीचं निमंत्रणही असायला हवं. तसं ते नसेल तर आपणच फोन करून भेट मागावी. फक्त एक सावधगिरी हवी. ७५० ची रेघ एकदा ओलांडली गेली की नुसते दीडशे युरो भरून रेघेखाली परतण्याचा उपयोग होत नाही. दोन आठवड्यांच्या आत थकबाकी पूर्ण भरली तरच कर्ज वाचतं, किंवा त्याच मुदतीत बँकेशी लेखी तडजोड झाली तर.

थोडक्यात, पत्र कर्ज मोडत नाही. पत्रानंतरचे दोन आठवडे वाया गेले की ते मोडतं.

पुढची पत्रं, आणि पिवळं पाकीट

कर्ज मोडलं की प्रकरण बहुधा वसुली कंपनीकडे जातं. तिला इथे इन्कासो म्हणतात. इन्कासोचं पत्र कितीही कडक असलं तरी ती खासगी कंपनी आहे. तिला घरात शिरायचा किंवा पगारावर टाच आणायचा अधिकार नाही. ती बहुतेकदा हप्त्यांचा नवा करार पुढे करते, आणि या कागदावर सही करण्याआधी थांबायला हवं. अशा करारात अनेकदा ‘हे देणं मला मान्य आहे’ असं वाक्य असतं. ते मान्य केलं की रक्कम चुकीची आहे किंवा देणं मुदतबाह्य झालंय, अशा तक्रारींना जागा उरत नाही. साधं देणं तीन वर्षांत मुदतबाह्य होतं, पण एक छोटा हप्ता भरला तरी तीन वर्षं नव्याने मोजली जातात. १ ऑक्टोबर २०२१ पासून इन्कासोवर बंधन आहे: हप्ते पाडून दिल्याचा खर्च किती, आणि देणं मान्य केल्याचे परिणाम काय, हे तिने आधी लेखी सांगायलाच हवं.

न्यायालयाची पायरी त्यानंतरची. आम्ट्सगेरिश्ट म्हणजे तिथलं खालचं न्यायालय. धनकोने, म्हणजे ज्याचं येणं आहे त्याने, अर्ज केला की तिथून ‘मानबेशाइड’ नावाचा वसुलीचा आदेश निघतो आणि पिवळ्या पाकिटातून घरी येतो. पाकिटावर पोस्टमन तारीख लिहितो. मुदत त्या तारखेपासून मोजायची, म्हणून पाकीट कधीच टाकून द्यायचं नाही. आदेश काढण्याआधी धनकोचं म्हणणं खरं की खोटं, हे न्यायालय तपासत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. ते काम कर्जदारावर सोडलेलं असतं. सोबत एक फॉर्म येतो. रक्कम मान्य नसेल तर त्यावर दोन आठवड्यांत हरकत नोंदवायची. गप्प राहिलं तर दुसरा आदेश येतो, त्यावरही दोन आठवडे मिळतात. तेही गेले की धनकोच्या हाती पक्का हुकूमनामा येतो आणि तो तीस वर्षं टिकतो. तीन वर्षांत संपू शकणारं देणं एका न भरलेल्या फॉर्मपायी तीस वर्षं मागे लागतं.

हुकूमनामा हाती आला की बेलीफ येतो. जर्मन भाषेत तो गेरिश्ट्सफोल्त्सीअर. आपल्याकडच्या कथा-सिनेमांमुळे बेलीफ म्हटलं की घरातली भांडी बाहेर काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. जर्मन कायदा त्याला आधी समेट करून पाहायला सांगतो. धनकोने नकार दिलेला नसेल आणि आपण हप्ते भरू शकतो हे कर्जदाराने पटवून दिलं, तर बेलीफ स्वतःच हप्ते ठरवून देऊ शकतो. फेड साधारण वर्षभरात संपावी, अशी अपेक्षा असते. तोवर जप्ती थांबते. पण ही सवलत नाजूक आहे. ठरलेला हप्ता पूर्ण किंवा अंशतः दोन आठवड्यांहून जास्त थकला की ती आपोआप संपते. वेगळं पत्र यावं लागत नाही. म्हणून बेलीफशी हप्ता ठरवताना छाती फुगवून आकडा सांगू नये. दर महिन्याला नक्की जमेल तेवढाच आकडा सांगावा.

पाटाचं पाणी

‘इतकी वर्षं भरतोय, तरी कर्ज हलत नाही,’ ही तक्रार जर्मनीत काय आणि महाराष्ट्रात काय, सारखीच ऐकू येते. तिचं कारण समजायला कालव्याच्या पाटावरचे तीन वाफे डोळ्यांपुढे आणा. पाण्याच्या तोंडाशी पहिला वाफा वसुलीच्या खर्चाचा, मधला व्याजाचा आणि शेवटच्या टोकाला मुद्दलाचा. पहिला भरल्याशिवाय पाणी दुसऱ्यात जात नाही, दुसरा भरल्याशिवाय तिसऱ्यात. बीजीबीच्या कलम ३६७ चा साधारण नियम असाच आहे. पाणी थोडं असेल तर टोकाचा वाफा कोरडाच राहतो.

आता आकडे. देणं वेळेत न दिलेल्या ग्राहकाकडून मूळ दरापेक्षा पाच टक्के जास्त व्याज मागता येतं. हा मूळ दर जर्मन मध्यवर्ती बँक, बुंडेसबांक, दर १ जानेवारीला आणि १ जुलैला जाहीर करते. १ जुलै २०२५ ला तो १.२७ टक्के होता, म्हणजे थकबाकीचा दर ६.२७ टक्के. १२,००० युरोंच्या देण्यावर महिन्याला ६२ युरो ७० सेंट व्याज होतं. कुणी प्रामाणिकपणे दरमहा ६० युरो भरत राहिलं आणि दर बदलला नाही असं धरलं, तर दहा वर्षांत ७,२०० युरो भरूनही मुद्दलातला एक युरोही कमी होत नाही, आणि वर व्याजाचे सव्वातीनशे युरो बाकी राहतात.

बँकेच्या ग्राहककर्जासाठी मात्र कायद्याने पाळी बदलली आहे. कलम ४९७ नुसार थकबाकीपोटी अपुरी रक्कम आली तर आधी खर्च, मग मुद्दल आणि शेवटी व्याज. व्याजाचा हिशेब वेगळा ठेवायचा आणि थकलेल्या व्याजावर ४ टक्क्यांपेक्षा जास्त आकारायचं नाही. त्याच ६० युरोंनी इथे पहिल्याच वर्षात मुद्दल ७२० युरोंनी उतरतं. प्रत्येक पत्रातला हिशेब कोणत्या क्रमाने मांडलाय, हे पाहायचं ते यासाठी. आणि नवा हप्तेकरार करताना दोन मागण्या कराव्याच: आजपासून व्याज थांबवा, आणि येणारा पैसा आधी मुद्दलात वळवा. पैसा थोडा का होईना नियमित येणार, याची खात्री पटली की अनेक धनको हे मान्य करतात.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली. त्यांचा रोख होता तो खतांवर आणि रोख्यांवर, कारण देणं कागदात वाढत चाललं होतं. दख्खनच्या त्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन कृषक सुटका कायदा आला. न्यायालयाला देण्याचा जुना हिशेब उघडून तपासता यायला लागला, शेतकऱ्याला झेपतील असे हप्ते पाडून देता यायला लागले, आणि देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून अनेक वर्षं काम केलं. त्याआधीपासून चालत आलेला दामदुपटीचा नियम तर अनेकांना घरातूनच ठाऊक असेल: एका वेळी मागायचं थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये. हप्ता कर्जदाराच्या कमाईवरून ठरावा, हा विचार आपल्या न्यायालयांनी दीडशे वर्षांपूर्वी हाताळलेला आहे.

कायदा किती घेऊ शकतो?

हप्ते थकण्याचं सगळ्यात मोठं कारण ते मुळात फार मोठे ठरवलेले असतात. कर्जदार घाबरून किंवा स्वाभिमानाने जमेल त्यापेक्षा मोठा आकडा कबूल करतो. तो ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: न्यायालयात गेले असते तर माझ्याकडून किती मिळालं असतं?

याचं उत्तर एका तक्त्यात आहे. तो दर १ जुलैला बदलतो. १ जुलै २०२५ च्या तक्त्यानुसार, ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, त्याच्या निव्वळ मासिक पगारातल्या साधारण १,५६० युरोंना हात लावता येत नाही. त्यावरच्या रकमेतला दहातला सात हिस्सा धनकोंचा, तीन हिस्से कमावणाऱ्याचे. हातात २,००० युरो येत असतील तर महिन्याला सुमारे ३११ युरो जप्त होऊ शकतात. पण त्याच माणसाची बायको कमावत नसेल आणि तिच्या पोषणाची जबाबदारी त्याच्यावर असेल, तर पहिल्या अवलंबितासाठी आणखी ५८५ युरो २३ सेंट सोडले जातात. रेघ २,१४० युरोंच्या वर जाते आणि २,००० युरोंच्या पगारातून काहीच जप्त होत नाही. मूल असेल तर रेघ आणखी वर. हा माणूस महिन्याला ३०० युरोंचा हप्ता कबूल करून बसला असेल, तर कायद्याने एक सेंटही मागता आला नसता तिथे तो पोराबाळांच्या तोंडचे ३०० युरो देतो आहे. तो हप्ता थकणारच. गावाकडे आईवडिलांना पाठवलेला पैसा मात्र या हिशेबात आपोआप धरला जात नाही. कायदेशीर पोषणाची जबाबदारी दाखवता आली तरच त्याचा विचार होतो.

हे संरक्षण बँकेच्या खात्यात आपोआप उतरत नाही. खात्यावर टाच आली तर आहे तेच खातं ‘पे-कोन्टो’ करून घ्यावं लागतं. १ जुलै २०१० पासून हा हक्क आहे. मागणी केल्यापासून चौथ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत बँकेने ते करून द्यायला हवं. बायको-मुलांसाठीची वाढीव रक्कम आणि बालभत्ता सुरक्षित ठेवायला एक दाखला लागतो. तो कर्जसल्ला केंद्रातून मिळतो.

आधी घर, मग वीज

पैसे अपुरे पडले की ज्याचा फोन सगळ्यात जास्त वेळा येतो त्याला आधी पैसे जातात. फोन करणारा बहुधा ऑनलाइन दुकान किंवा क्रेडिट कार्डवाला असतो. घरमालक आणि वीज कंपनी महिनाभर गप्प असतात, आणि नुकसान तर त्यांच्याकडूनच होणार असतं.

लागोपाठ दोन महिन्यांचं भाडं थकलं तर घरमालक तडकाफडकी करार मोडू शकतो. घर रिकामं करायचा दावा हाती आल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी भरली तर ते मोडणं रद्द होतं, पण ही संधी दोन वर्षांत एकदाच मिळते. शिवाय मालकाने सोबत नेहमीच्या मुदतीची नोटीसही दिली असेल, तर ती या भरण्याने रद्द होत नाही. वीज तोडायची तर थकबाकी किमान १०० युरो आणि महिन्याच्या आकारणीच्या दुप्पट हवी. चार आठवडे आधी इशारा आणि आठ कामकाजाचे दिवस आधी तारीख कळवावी लागते. वीज कंपनीकडे बिनव्याजी हप्ते मागता येतात. न्यायालयाने केलेला दंड तर कोणत्याही कर्जयोजनेत बसत नाही, आणि तो न भरल्यास कोठडी होऊ शकते. तेव्हा भाडं, वीज, दंड आणि मुलांची पोटगी आधी. कर्जयोजनेतला हप्ता त्यानंतर, मग त्यासाठी कुणी कितीही ओरडो.

सगळ्यांना मिळून एक योजना

धनको दहा-बारा झाले की एकेकाशी हप्ता ठरवणं निरर्थक ठरतं. मग सगळ्यांची मिळून एक योजना करावी लागते. दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी असा न्यायालयाबाहेरचा प्रयत्न करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तो फसल्याचा दाखला वकील किंवा मान्यताप्राप्त केंद्र देतं. कारितास, डियाकोनी, आव्हो या संस्थांची, ग्राहक केंद्रांची आणि अनेक नगरपालिकांची कर्जसल्ला केंद्रं आहेत. त्यांना शुल्डनरबेराटुंग म्हणतात. तिथला सल्ला बहुतेक ठिकाणी मोफत असतो, फक्त वाट पाहावी लागते. वकील हवा असेल तर कमी उत्पन्न असलेल्यांना आम्ट्सगेरिश्टमधून सल्ल्याची चिठ्ठी मिळते, मग वकिलाला स्वतःच्या खिशातून १५ युरोच द्यावे लागतात. ‘आम्ही कर्ज मिटवून देतो’ म्हणत आधी फी मागणाऱ्या कंपन्यांपासून मात्र लांब राहिलेलं बरं.

योजना दोन तऱ्हेच्या असतात. एकीत हप्ता ठरलेला असतो, पगार घटला तरी तोच. दुसरीत पगाराचा जप्त होऊ शकणारा हिस्सा द्यायचा असतो. पगार घटला की हप्ता घटतो, वाढला की वाढतो. काही महिने तो शून्यही होऊ शकतो. नोकरीची शाश्वती नसलेल्याने दुसरीच मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली योजना धनकोंना दिसायला बरी असते, पण एका आजारपणात ती मोडते.

योजना कधी मोडेल, हे तिच्यातच लिहिलेलं असतं. नेहमीचं कलम असं: दोन हप्ते थकले, लेखी स्मरणपत्र आलं आणि दिलेली मुदतही गेली, की सवलत संपली आणि जुनं देणं पूर्ण उभं राहिलं. सही करण्याआधी हेच कलम आधी वाचावं. बेकारी, आजार किंवा मूल झाल्यास हप्ता बदलता येईल, असं वाक्य त्याच्याशेजारी घालून घ्यावं. न्यायालयात मंजूर होणाऱ्या दिवाळखोरी योजनेसाठी हे मोजमाप कायद्यानेच केलंय. धनकोने लेखी मागणी करून किमान दोन आठवडे दिल्यावरही पैसे आले नाहीत, तरच थकबाकी ‘लक्षणीय’ मानायची. त्याआधी सवलत मोडत नाही.

हप्ता चुकणार असं दिसलं की, तो चुकण्याआधी, योजनेतल्या सगळ्या धनकोंना एकाच दिवशी सारखंच पत्र जायला हवं. एकाला गुपचूप भरून बाकीच्यांना थांबवलं की बाकीचे बिथरतात, आणि त्यातल्या एकाने जप्ती सुरू केली तरी न्यायालयाबाहेरची बोलणी फसली असं मानलं जातं. पत्र लांब नको. वर प्रकरणाचा क्रमांक, ज्याला आक्टेनत्साइखेन म्हणतात. मग कधीपासून काय बदललं आणि त्याचा पुरावा: नोकरी सुटल्याचा कागद किंवा आजारभत्त्याचं पत्र. मग किती भरता येईल आणि किती महिने. शेवटी ‘श्टुन्डुंग’, म्हणजे तेवढ्या काळापुरती सवड, मिळावी अशी विनंती. ‘लवकरच भरतो’ हे वाक्य लिहू नये. आकडा आणि तारीख नसेल तर समोरच्या कारकुनाला त्या पत्राचं काही करता येत नाही. नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपावी, आणि उत्तर येईपर्यंत कबूल केलेली छोटी रक्कम ठरल्या दिवशी भरत राहावी.

चौकट: मुदती एका नजरेत

बँकेचं कर्ज: लागोपाठ दोन हप्ते आणि कर्जाचे ५ किंवा १० टक्के थकल्यावर इशाऱ्याचं पत्र, त्यानंतर दोन आठवडे.
मानबेशाइड: पाकिटावरच्या तारखेपासून हरकतीसाठी दोन आठवडे.
बेलीफने ठरवलेला हप्ता: दोन आठवड्यांहून जास्त थकला की सवलत आपोआप संपते.
दिवाळखोरी योजना: लेखी मागणीनंतर किमान दोन आठवडे.
शूफा या पतनोंदणी संस्थेकडे थकबाकी कळवणं: आदेश झालेला नसेल आणि देणं कबूल केलेलं नसेल तर किमान दोन लेखी स्मरणपत्रं आणि पहिल्यानंतर चार आठवडे. वादग्रस्त देणं या मार्गाने नोंदवता येत नाही, म्हणून हरकत लेखी कळवावी.

योजना नाहीच जमली तर

जर्मनीचा दिवाळखोरी कायदा १ जानेवारी १९९९ ला लागू झाला आणि सामान्य माणसाला उरलेल्या कर्जातून मुक्त होण्याचा रस्ता पहिल्यांदा मिळाला. सुरुवातीला तो इतका खर्चिक होता की ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनाच तो परवडत नसे. २००१ च्या शेवटी न्यायालयाचा खर्च पुढे ढकलायची सोय झाली. मुक्तीला आधी सहा वर्षं लागत. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांना ती तीन वर्षांत मिळते. हा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. ज्याचं राहणं आणि कामधंदा जर्मनीत आहे त्याला तो आहे.

नोकरदाराला या तीन वर्षांत हप्ताच नसतो, हे बहुतेकांना ऐकून आश्चर्य वाटतं. पगाराचा जप्त होऊ शकणारा हिस्सा थेट ट्रॉयहेंडर या नेमलेल्या विश्वस्ताकडे जातो. पगार रेघेखाली गेला तर काही जात नाही आणि थकबाकीही होत नाही. जबाबदाऱ्या वेगळ्या असतात: काम करणं किंवा शोधणं, पत्ता वा नोकरी बदलली की लगेच कळवणं, वारसा मिळाला तर अर्धा देणं. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला मात्र, नोकरी केली असती तर जितका हिस्सा गेला असता, तितका स्वतःहून भरावा लागतो, दर वर्षाचा पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत. टॅक्सीवाले, छोटे उपाहारगृहवाले, स्वतंत्र सॉफ्टवेअर काम करणारे इथेच चुकतात. तारीख वर्षातून एकदाच येते आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात. आणि कुणी जामीन राहिलं असेल किंवा बायकोने कर्जावर सोबत सही केली असेल, तर कर्जदाराची मुक्ती त्यांना लागू होत नाही. त्यांचं देणं तसंच राहतं.

या टप्प्यावरची सगळ्यात हळहळ लावणारी चूक अगदी छोट्या रकमेची असते. न्यायालयाचा खर्च ढकलून घेतलेला नसेल तर विश्वस्ताचं किमान मानधन, वर्षाला १४० युरो आणि त्यावरचा खर्च, कर्जदाराने द्यायचं असतं. ते थकलं की विश्वस्त लेखी पत्र पाठवून किमान दोन आठवडे देतो आणि मुक्ती नाकारली जाऊ शकते असा इशाराही देतो. पत्र वाचलंच नाही तर दोन-तीनशे युरोंपायी पन्नास हजारांची मुक्ती हातची जाते. घर बदलल्याचं कळवलेलं नसल्याने पत्र पोचलंच नाही, असंही घडतं. यावर उपाय साधा आहे. अर्ज करतानाच खर्च ढकलून मिळावा म्हणून मागणी करायची. मग मानधनाची ही अडचण येत नाही.

ढकललेला खर्च मुक्तीनंतर भरायचा असतो. तेव्हाही उत्पन्न कमी असेल तर न्यायालय ४८ महिन्यांपर्यंत हप्ते पाडून देतं, आणि उत्पन्न फारच कमी असेल तर हप्ता शून्यही ठरू शकतो. हा हप्ता स्वतःच्या चुकीने तीन महिन्यांहून जास्त थकला तर सवलत काढून घेता येते. उत्पन्न घटलं तर हप्ता कमी करून मागता येतो. त्यासाठी वकील लागत नाही. ज्या आम्ट्सगेरिश्टपुढे दिवाळखोरीचं प्रकरण चाललं, तिथेच जुना क्रमांक टाकून पगाराच्या ताज्या कागदांसह अर्ज द्यायचा.